मला टायफॉईड झाला नव्हता

आधी हे स्पष्ट करून टाकते. धारमधल्या आमच्या निम्म्या नातेवाइकांची अजूनही समजूत आहे की मागच्या वर्षी मला टायफॉईड झाला आणि त्यात माझे केस गेले. मला टायफॉईड झाला नव्हता. मला डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, केमो झाली, सिकाई झाली (किरणोपचारांना इकडे सगळे सिकाईच म्हणतात) आणि आता मी देवासच्या माझ्या घरात खिडकीशी बसून हे लिहिते आहे. टायफॉईडवर ज्यांनी मनुका पाठवल्या त्यांची मी आभारी आहे. मनुका चांगल्या होत्या.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आत्ताच रिपोर्ट हातात घेऊन बसलं असेल, तर त्यांच्यासाठी लिहिते आहे. मी लढले-बिढले काही नाही. योद्धा म्हणून माझा सत्कार करायला एक बाई आल्या होत्या, त्यांना मी चहा पाजून परत पाठवलं. मी शाळेत चित्रकला शिकवते. आजारपणात मी चिडले, कंटाळले, घाबरले, आणि शेवटी एक छापचित्र केलं. त्या चित्रावरून घरात जे रामायण झालं, ते सांगायचंय.

डॉक्टरांचं चित्र

परीक्षांच्या तोंडावर एकदा आंघोळ करताना हाताला गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणूनच जास्त खटकली. इंदूरला तपासण्या झाल्या आणि रिपोर्टच्या दिवशी आम्ही नवराबायको मोठ्या डॉक्टरांसमोर बसलो.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी पॅडवर बॉलपेननं दोन अर्धवर्तुळं काढली, एकात फुली मारली आणि तिथून वर बाण काढला. "देखिए, यहाँ है, और यहाँ तक गया है." त्या चित्रात छाती थेट खांद्याला चिकटली होती, काखेचा पत्ताच नव्हता. माझे कान बधिर झाले होते, पण डोळे शाबूत होते. मी म्हणाले, "सर, ज़रा पेन दीजिए." त्यांच्याच पॅडवर खांदा, काख, फासळ्या नीट काढल्या आणि पेन परत दिलं. "अब बताइए, कहाँ तक गया है."

ते हसले आणि त्यांनी माझ्या चित्रावर पुन्हा फुली मारली. शेजारी हे माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की बाईचं डोकंच फिरलं. नंतर हा किस्सा ऐकून लोक म्हणायचे, काय धीराची! धीर कसला. चित्र काढत होते तेवढा वेळ मला ऐकावं लागत नव्हतं, एवढंच.

परतताना देवासच्या अलीकडे यांनी गाडी बाजूला घेतली आणि कचोऱ्या आणल्या. आम्ही काचा वर करून खाल्ल्या. चटणी तिखट होती. दोघांनाही डोळे पुसायला निमित्त मिळालं.

वन्सं

ऑपरेशनच्या आधी वन्सं धारहून आल्या. वन्सं म्हणजे माझ्या नणंदबाई, यांच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. यांची आई लवकर गेली, त्यामुळे यांना वन्संनीच वाढवलं. दाजींना तिकडे डब्यावर ठेवून त्या आल्या आणि माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

त्यांचं ऋण आधी सांगते, कारण पुढे मी त्यांच्याशी भांडणार आहे. ऑपरेशननंतर माझ्या कुशीतून एक नळी बाहेर आली होती, तिच्या पिशवीत लालसर पाणी जमायचं. ती पिशवी रोज वन्सं रिकामी करायच्या. नाक मुरडलं नाही, तोंड फिरवलं नाही. मला चव कळत नव्हती तेव्हा भुट्ट्याचा कीस करून बघितला, पातळ खिचडी करून बघितली, शेवटी ताकात कुस्करलेली भाकरी माझ्या घशाखाली उतरली तेव्हा त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

फक्त नाव घेताना त्यांची जीभ अडायची. "तुझं ते" म्हणायच्या. आणि फोनवर, अगदी खणखणीत आवाजात, "हो ना, टायफॉईड. बिघडलाय जरा."

"वन्सं, टायफॉईडमध्ये छाती कापत नाहीत," मी म्हणाले.

"ऑपरेशन साध्या गाठीचं झालं, आणि मग टायफॉईड झाला. दोन्ही वेगळं. लोकांना कोण समजावत बसणार?"

"पण का?"

"रुतूचं लग्न व्हायचंय, मृणाल. एकदा घराण्याला चिकटलं की चिकटलं."

रुतुजा, आमची मुलगी, इंदूरला डिझाईन शिकते. हिंदी शाळेत गेल्यामुळे तिचं मराठी निम्मं मराठीच आहे. ती तिथेच मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. "आत्या, मला अभी शादी करायचीच नाहीये."

"तू गप बस," आत्या म्हणाली.

हे पेपर उघडून बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते. टीव्हीवर कॅन्सरची जाहिरात आली की ते चॅनल बदलायचे. मी पट्टी बदलायला घेतली की हे खोलीबाहेर जायचे. मला त्याचा राग यायचा, आणि राग आला की मी मुद्दाम ब्लाऊजशिवाय नुसता पंचा घेऊन घरभर हिंडायचे. आजारी माणसालाही दुष्टपणा करता येतो.

लाल औषध

केमोच्या हॉलमध्ये रांगेनं खुर्च्या असतात. तिथं आपण नावानं नाही, औषधाच्या रंगानं ओळखले जातो. माझ्या शेजारची खुर्ची बहुतेक वेळा सरदारपूरच्या गेंदाबाईंची असायची. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या सलाईनकडे बघून विचारलं, "थारे भी लाल वाली चढ़ी री हे कई, बेन?" मी हो म्हटलं. "तो फेर बाल तो गया," त्या म्हणाल्या आणि पदर सारून स्वतःचं गुळगुळीत डोकं दाखवलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा हसू आलं.

रुतुजानं वेळ घालवायला कॉलेजच्या ग्रंथालयातलं एक जाडजूड पुस्तक आणून दिलं होतं. जपानी कापडांचं. शब्द वाचवत नव्हते, म्हणून मी चित्रंच बघायची. तिकडच्या थंड मुलखातल्या शेतकरी बायका निळीत रंगवलेल्या जाड कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं बारीक धावदोरा घालत. त्या कामाला साशिको म्हणतात. कापड विरलं की ठिगळ, ठिगळ विरलं की त्यावर दुसरं, आणि सगळ्यावरून पुन्हा टाके. अशा ठिगळांच्या कपड्याला बोरो म्हणतात. काही टाक्यांतून चांदण्या उमटतात. तागाच्या पानाची नक्षी म्हणे. लहान मुलांच्या झबल्यांवर ती घालत, मूल निरोगी राहावं म्हणून.

गेंदाबाई डोकावून बघायच्या. "इत्ता फाट्या लत्ता को फोटू कुण खेंचे?" त्यांना खरंच नवल वाटत होतं. त्यांच्या घरी असल्या गुदड्या ढिगानं होत्या, त्यांचा फोटो काढायला कुणी आलं नव्हतं.

मी मात्र त्या पांढऱ्या दोऱ्याशी अडले. ठिगळ लपवायचं असतं तर निळ्यावर निळा दोरा घातला असता. कदाचित रंगवलेला दोरा परवडत नसेल, कारण काहीही असेल. मला त्याच्याशी काय करायचंय? मला दिसत होतं ते एवढंच, की कापड जिथं गेलं होतं तिथंच सगळ्यांत दाट, सगळ्यांत उठून दिसणारं काम होतं. आणि माझ्या घरी फोनवर टायफॉईड चालू होता.

वेल्डरचा हातमोजा

भीतीबद्दल लिहायला हवं. मला मरणाची भीती वाटली, सगळ्यांना वाटते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण उपचार संपून वन्सं धारला परतल्यावर दुपारी घर रिकामं असताना जी भीती यायची ती वेगळी होती. डावा हात सुजायचा. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला जपावं लागतं. वजन उचलायचं नाही, सुई टोचू द्यायची नाही, कापू-खरचटू द्यायचं नाही. आणि मी लिनो कोरणारी बाई.

लिनो म्हणजे जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमचा चौकोनी तुकडा, आमच्या घरात त्याला लादी म्हणतात. त्यावर धारदार पन्हळीच्या हत्यारानं चित्र कोरायचं, रुळानं शाई फिरवायची, वर कागद ठेवून मागून चमच्यानं घासायचं. जे कोरून काढलं ते कागदावर पांढरं राहतं. उजव्या हातात हत्यार असतं, डाव्यानं तुकडा धरायचा असतो, आणि हत्यार सटकलं की ते डाव्याच हातात घुसतं. माझ्या डाव्या हातावर त्याच्या जुन्या खुणा आहेत. आता तसली एक जखम महागात पडली असती. मला वाटायला लागलं, छाती घेतली ती घेतली, आता हातही घेणार. त्या विचारानं मी जेवढी रडले तेवढी छातीसाठी रडले नाही.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना विचारलं. त्यांना लिनो म्हणजे काय ते समजावण्यातच बराच वेळ गेला. "दस्ताना पहनिए, धीरे कीजिए, कट लगे तो उसी दिन दिखाइए," असं म्हणाले. हे शेजारीच बसले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कारखान्यातून येताना त्यांनी पिशवीतून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. वेल्डर घालतात तो चामड्याचा जाड हातमोजा. फक्त डावा.

"हे घालून बघ," ते म्हणाले. "नाही जमलं तर मी पकडतो ना तुझी ती लादी."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे, आणि मग खाली, जिकडे ते इतके महिने बघत नव्हते तिकडे. "दुखतं का गं अजून?" मी हो म्हटलं. त्या दिवसापासून पट्टी असो, तेल लावणं असो, हे बाहेर गेले नाहीत.

चूक

दिवाळीनंतर मी कोरायला बसले. चित्र डोक्यात तयार होतं. शिंपी मापाला घेतो तशी सपाट पसरलेली एक चोळी, काळसर निळी. एक बाजू साधी, दुसऱ्या बाजूवर ठिगळ, आणि त्या ठिगळावर दाट पांढरे टाके, तागाच्या पानाच्या चांदण्यांचे. टाका पांढरा हवा म्हणजे प्रत्येक टाका कोरून काढायचा. हातमोज्यात लादी धरून मी दहा-पंधरा टाके कोरायची आणि दमून झोपायची. महिना असाच गेला, वर आणखी काही दिवस.

पहिला छाप उचलला तेव्हा रुतुजा शेजारी उभी होती. ती आधी म्हणाली, "वाऽ!" मग म्हणाली, "आई, पण तुझी तर लेफ्ट होती ना?"

लिनोत चित्र उलटं छापलं जातं. डावं उजवं होतं. वर्षानुवर्षं मी मुलांच्या डोक्यात टपल्या मारून सांगत आले, आधी उलटं काढा, मग कोरा! आणि मी स्वतः सुलटं काढून कोरलं होतं. ठिगळ चोळीच्या उजव्या बाजूला आलं होतं. नवी लादी कोरण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. मी छाप तिथेच टाकला आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

वन्सं पुन्हा धारहून येऊन राहिल्या होत्या, त्या तो छाप हातात घेऊन आल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला होता. "अगं, बरंच झालं की. उजवी बाजू आली. कुणी विचारलं तर म्हणता येईल, हे चित्र मृणालचं नाहीच."

मी ताडकन उठून बसले. इतका वेळ मला ते चित्र फाडायचं होतं, आता ते वाटायचं ठरलं. "बरोबर," मी म्हणाले. "ते माझं नाही. ते कुणाचंही असू शकतं. म्हणूनच संक्रांतीला मी हेच वाण देणार."

वाण

वन्संचं म्हणणं होतं की या वर्षी हळदीकुंकू करूच नये. बायका आल्या की बघणार, बघितलं की बोलणार. माझं म्हणणं होतं की या वर्षी तर करायचंच. आणि वाणाची एक गंमत आहे. वाण कुणी नाकारत नाही. आवडो न आवडो, पदर पुढे करायचा, घ्यायचं आणि घरी न्यायचं. त्या हक्कानं मी आजवर गल्लीभर प्लॅस्टिकचे डबे वाटलेत. आता माझी चोळी प्रत्येक घरात जाणार होती.

"कुणी घेतलं नाही तर?" वन्सं म्हणाल्या.

"घेतील."

"मी धारहून चहाच्या गाळण्या आणल्यात. त्या देऊ. वेड्यासारखं करू नकोस. रुतूचा तरी विचार कर."

"रुतूचाच करतेय. उद्या तिच्या हाताला गाठ लागली तर तिनं काय म्हणायचं, टायफॉईड?"

शाई वाळायला छाप दोरीवर लावायचे होते. वन्सं चिमटे घेऊन आल्या आणि माझ्याबरोबर एकेक छाप लावू लागल्या. निम्मी दोरी भरल्यावर मध्येच म्हणाल्या, "आमची आई सारखा पदर पुढे ओढून बसायची. वास यायचा. आम्हाला जवळ जाऊ देत नव्हते."

"काय झालं होतं त्यांना?"

"ताप, असं सांगितलं. मी वडिलांना विचारलं तर म्हणाले, मुलींनी असलं विचारायचं नसतं." त्यांनी पुढचा छाप उचलला. "हा वाकडा लागलाय बघ, नीट लाव."

हळदीकुंकवाच्या दिवशी मी काळी साडी नेसले. वन्संनी माझ्यासाठी कापूस भरून एक गादी शिवली होती, ब्लाऊजच्या डाव्या बाजूला घालायला. मऊ होती, छान शिवलेली. मी ती कपाटात ठेवली. डोक्याला रुमालही बांधला नाही. बोटभर केस आले होते, तेवढे विंचरले. आरशात एका बाजूनं सपाट, पोरासारख्या केसांची बाई दिसली. दिसली तर दिसली.

बायका आल्या. प्रत्येकीची नजर आधी केसांवर, मग छातीवर आणि मग एकदम भिंतीवरच्या घड्याळावर. आमचं ते घड्याळ त्या दिवशी जेवढं बघितलं गेलं तेवढं कधी गेलं नसेल. जोशीकाकू गुडघे धरत आल्या आणि म्हणाल्या, "टायफॉईडनं फारच खाल्लं गं तुला." मी त्यांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाण पुढे केलं. त्यांनी पदर पुढे केला. पदरात एक गाळणी आणि एक चोळीचं चित्र पडलं.

सगळ्यांनी घेतलं. कुणी नाकारलं नाही. पण कुणी विचारलंही नाही. शिंदेवहिनी म्हणाल्या, "डिझाईन मस्तये." समोरच्या घरातली नवी सून सोनल चित्र उजेडात धरून बघत राहिली. बाकीच्यांनी ते पालथं करून मांडीवर ठेवलं आणि बशीतल्या तिळाच्या गजकाबद्दल बोलू लागल्या. मी महिनाभर एकेक टाका कोरला होता, आणि हे चित्र आता प्रत्येकीच्या घरी कपाटात पालथंच राहणार होतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण ज्या घरात वर्षभर एक शब्द उच्चारला गेला नव्हता तिथं माझ्याही तोंडून तो निघेना.

जोशीकाकू वन्संच्या कानाला लागलेल्या मला दिसल्या. वन्संच्या हातात तिळगुळाचं ताट होतं. त्या ऐकत होत्या, मान खाली घालून. मग त्यांनी मान वर केली आणि फोनवर बोलायच्या त्याच खणखणीत आवाजात बोलल्या.

"काकू, टायफॉईड मी सांगितला होता. खोटं सांगितलं. मृणालला कॅन्सर झाला होता. छातीचा. एक बाजू काढलीय. आता काय विचारायचं ते तिलाच विचारा, माझ्या कानात नको."

गजक खाणारी तोंडं थांबली. रुतुजा स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभी होती, ती जागची हलली नाही. मग सोनल मला म्हणाली, "काकू, एक पूछू? तिथं आता... कसं दिसतं?"

"अगं ए!" शिंदेवहिनी तिच्यावर ओरडल्या.

मी वन्संकडे बघितलं. त्यांनी ताट खाली ठेवलं, मधल्या खोलीत गेल्या आणि तिथल्या खिडकीचा पडदा ओढला. "या," त्या म्हणाल्या. "ज्यांना बघायचंय त्यांनी आत या."

मला वाटलं होतं सोनल येईल, फार तर आणखी एखादी. सगळ्या आल्या. जोशीकाकू सगळ्यांत पुढे, गुडघे विसरून. वन्संनी माझा पदर धरला आणि मी हुक काढले. व्रण काखेपर्यंत आडवा गेलाय, सिकाईनं कातडी काळवंडलीये, मध्ये कुठंकुठं टाक्यांचे ठिपके अजून दिसतात. कुणी चुकचुकलं नाही. जोशीकाकूंनी हळदीनं पिवळी झालेली बोटं पुढे केली आणि मागे घेतली.

"दुखेल तुला," त्या म्हणाल्या.

"नाही दुखत," मी म्हणाले. "लावा हात. आणि घरी गेल्यावर दार लावून स्वतःलाही लावा."